'शाळेच्या मागं, मोहाच्या झाडापाशी': वाडी-पाड्यावरचं घर शोधायला पोस्टानं आणलेला १० अक्षरी डिजीपिन नेमका काय आहे?

समजा, रात्रीचे दीड वाजलेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, डोंगरावरच्या एका पाड्यात बाईला कळा सुरू झाल्यात. घरातला एकजण जिथं रेंज मिळते त्या टेकाडावर चढतो आणि १०८ ला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "पत्ता सांगा."

तो गावाचं नाव सांगतो. पण गाव एक आणि पाडे अनेक, तेही वेगवेगळ्या डोंगरांवर. "कुठला पाडा?" तो पाड्याचं नाव सांगतो. ते नाव नकाशात नाही. "जवळची काही खूण?" तो म्हणतो, "शाळेच्या पुढं गेलं की मोहाचं झाड लागतं, तिथून खाली उतरायचं."

रात्री दीड वाजता, पहिल्यांदाच त्या भागात आलेल्या ड्रायव्हरला मोहाचं झाड कुठं दिसणार?

हा प्रसंग कल्पनेतला असला तरी अडचण खरी आहे, आणि ती फक्त सातपुड्यातली नाही. मेळघाटातलं ढाणं असो, मराठवाड्यातला तांडा असो, कोकणातली वाडी असो किंवा पश्चिम महाराष्ट्रात शेतात बांधलेली वस्ती, घर आहे पण बाहेरच्या माणसाला सापडेल असा पत्ता नाही.

याच अडचणीवर भारतीय टपाल विभागानं २७ मे २०२५ रोजी एक उपाय आणला. त्याचं नाव डिजीपिन. देशातल्या प्रत्येक जागेला १० अक्षरांचा स्वतःचा कोड. त्यात गडचिरोलीतलं झोपडं आलं, तसा मुंबईतला बंगलाही आला.

पण हा कोड चालतो कसा? आपल्या पिनकोडचं काय होणार? आणि नुसता कोड असला की ॲम्ब्युलन्स दारात येईल का? एकेक करून बघू.

आधी मु. पो. ता. जि. चा घोळ समजून घेऊ

मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. पिढ्यान् पिढ्या आपण असाच पत्ता लिहीत आलोय आणि पत्रं पोहोचतही आली. कारण शेवटच्या टप्प्यात पत्र ज्याच्या हातात पडायचं, त्या पोस्टमनला अख्खं गाव पाठ असायचं. अमुक आडनावाची घरं किती, त्यातले पुण्याला कोण गेले, कुणाची सून मनीऑर्डरची वाट बघतेय, हे सगळं त्याच्या डोक्यात.

म्हणजे आपला पत्ता कागदावर अर्धाच असायचा. उरलेला अर्धा पोस्टमनला माहीत असायचा.

आता मात्र दारात येणारे लोक बदललेत. कुरिअरवाला, गॅसची गाडी, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दल, पीक विम्याचा पंचनामा करायला आलेला माणूस. यांतले बरेचजण त्या गावचे नसतात. त्यांच्या हातात मोबाईल असतो, आणि मोबाईलला कागदावरचा अर्धाच पत्ता मिळतो.

मोबाईलमधला नकाशा पत्ता शोधतो तेव्हा तो त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा स्वतःकडच्या यादीतल्या नावाशी जुळवून बघतो. शहरात रस्त्याचं नाव, सोसायटीचं नाव, घर नंबर असे बरेच तुकडे जुळतात. खेड्यात तिथंच गाडं अडतं, त्याची कारणं साधारण चार.

पहिलं, सारखी नावं. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती असतील याचा विचार करा. कधी कधी तर शेजारशेजारच्या तालुक्यांतही तेच नाव असतं. म्हणून तर आपण बुद्रुक, खुर्द अशी शेपटं लावतो.

दुसरं, स्पेलिंग. मराठी नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येकजण वेगळं लिहितो. एकाच वाडीची तीन स्पेलिंग असतील तर मोबाईलच्या लेखी त्या तीन वाड्या.

तिसरं, सरकारी यादीत गाव असतं पण पाडा नसतो. महसुली गाव हा सरकारी हिशोबाचा घटक. त्याच्या हद्दीतले पाडे, वाड्या, तांडे, वस्त्या बऱ्याचदा त्याच एका नावाखाली मोजले जातात. मग नकाशावरचा ठिपका मूळ गावठाणावर पडतो आणि घर राहतं चार किलोमीटर लांब, ओढ्यापलीकडं.

चौथं, घरांना दिसेल असा नंबर नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरमध्ये, मालमत्तेचा क्रमांक असतो. पण तो दारावर लिहिलेला असेलच असं नाही आणि रस्त्यानं जाताना ओळीनं सापडेल असंही नाही.

यात नावं बदलण्याचीही भर पडते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. निर्णय गरजेचाच होता. पण कागदावर नवं नाव, लोकांच्या तोंडात जुनं आणि नकाशात तिसरंच, असं व्हायला वेळ लागत नाही.

मग पिनकोड होताच की

होता, आणि त्यामागं एक मराठी माणूस होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रात दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे नावाजलेले कवी. त्यांच्या कल्पनेतून आलेली सहा आकडी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली.

तेव्हाची अडचण आजच्यासारखीच होती. सारखी गावं, वेगवेगळ्या भाषा, न लागणारं अक्षर. आकडे मात्र सगळ्यांना सारखेच कळतात. म्हणून पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळायचा, पुढच्या आकड्यांवरून टपालाची वर्गवारी व्हायची आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसपर्यंत पोहोचवायचे. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ नं सुरू होतात ते त्यामुळंच. ९ हा आकडा लष्करी टपालासाठी.

पण नीट बघा. पिनकोड पोहोचवतो तो पोस्ट ऑफिसपर्यंत. तिथून पुढं घरापर्यंतची वाट पोस्टमनची.

देशात पिनकोड आहेत सुमारे १९ हजार आणि देशाचं क्षेत्रफळ आहे जवळपास ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर. सरळ भागाकार केला तर एका पिनकोडच्या वाट्याला सरासरी १७० चौरस किलोमीटर येतात. मुंबईत एक पिनकोड म्हणजे एक-दोन उपनगरं असतील, पण डोंगराळ तालुक्यात एकाच पिनकोडात अनेक गावं आणि त्यांचे पाडे येतात. पत्राला ते चालून जातं, कारण पत्राला घाई नसते. ॲम्ब्युलन्सला चालत नाही.

डिजीपिन कसा तयार होतो?

डिजीपिनची चाचणी आवृत्ती टपाल विभागानं जुलै २०२४ मध्ये लोकांसमोर ठेवली आणि सूचना मागवल्या. तो तयार करण्यात आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांचा सहभाग होता. पुढं मे २०२५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला.

कल्पना ऐकायला अवघड वाटते, पण आहे अगदी सोपी.

भारताच्या नकाशावर एक मोठा चौकोन टाका. तो उत्तर अक्षांश २.५ ते ३८.५ आणि पूर्व रेखांश ६३.५ ते ९९.५ एवढा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी ३६ अंश. यात सगळा देश येतो, बेटं येतात आणि आजूबाजूचा समुद्रही येतो.

आता या चौकोनाचे उभे चार आणि आडवे चार भाग करा. १६ खाने झाले. प्रत्येक खान्याला एक चिन्ह द्या. ही चिन्हं १६ आहेत: २ ते ९ हे आठ आकडे आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी ही आठ इंग्रजी अक्षरं. शून्य आणि एक हे आकडे त्यात नाहीत, त्यामुळं ते इंग्रजी ओ आणि आय सारखे दिसून होणारा घोळ टळतो.

ज्या खान्यात तुमचं घर आहे तो घ्या. त्याचे परत १६ भाग करा आणि दुसरं चिन्ह लिहा. मग त्यातल्या खान्याचे परत १६ भाग. असं दहा वेळा करायचं.

पहिला खाना साधारण हजार किलोमीटरचा असतो. सहाव्या चिन्हाला तो सुमारे एक किलोमीटरवर येतो. आठव्याला साठेक मीटर. आणि दहाव्याला जेमतेम चार मीटर बाय चार मीटर, म्हणजे एका खोलीएवढा. सगळे मिळून असे खाने होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी.

उदाहरण घेऊ. मुंबईतलं गेटवे ऑफ इंडिया आणि सीएसएमटी स्टेशन, दोन्हींच्या डिजीपिनची पहिली पाच चिन्हं सारखीच येतात: ४एफके-पीसी. सहावं चिन्ह मात्र बदलतं, कारण दोन्ही ठिकाणांमध्ये दोनेक किलोमीटरचं अंतर आहे. म्हणजे कोडची सुरुवात सारखी असेल तर जागा जवळजवळ आहेत, एवढं नुसत्या नजरेनं कळतं. उलटं मात्र दर वेळी खरं नसतं. दोन शेजारची घरं खान्यांच्या सीमारेषेच्या अलीकडं-पलीकडं असली तर त्यांचे कोड बरेच वेगळे दिसू शकतात.

महाराष्ट्रातूनच अशी एक मोठी सीमारेषा जाते, २०.५ अक्षांशाची. त्यामुळं मुंबई, पुणे, नाशिक, गडचिरोली आणि खाली गोव्यातली पणजी यांचे डिजीपिन ४ नं सुरू होतात, तर नंदुरबार, जळगाव, अमरावती, नागपूरचे ३ नं. पिनकोडचा ४ आणि डिजीपिनचा ४ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग.

नाव, धर्म, जात, मालक, काहीच यात नाही

डिजीपिन म्हणजे अक्षांश-रेखांश सोप्या रूपात लिहायची पद्धत. तो गणितानं निघतो. त्यासाठी कुठल्या यादीत नाव असावं लागत नाही.

यातून तीन गोष्टी होतात.

एक, तो कुणी 'मंजूर' करायची गरज नाही. अर्ज नाही, फी नाही, ओटीपी नाही. नवं घर बांधलं तर त्या जागेचा कोड आधीपासूनच आहे. विहिरीला आहे, गोठ्याला आहे, समुद्रात उभ्या असलेल्या होडीलाही आहे. त्यामुळं 'डिजीपिन काढून देतो' म्हणत कुणी पैसे किंवा आधार नंबर मागत असेल तर ती सरळ फसवणूक समजा.

दोन, गावाचं नाव बदललं, तालुका बदलला, जिल्ह्याची फाळणी झाली, तरी जागेचा कोड तोच राहतो.

तीन, हे गणित टपाल विभागानं सगळ्यांसाठी उघड ठेवलंय. कुठलीही कंपनी, ग्रामपंचायत किंवा कॉलेजातला पोरगा ते वापरून स्वतःचं ॲप बनवू शकतो. इंटरनेट नसतानाही मोबाईलला जागा कळली की कोड काढता येतो.

आणि हो, पिनकोड बंद झालेला नाही. डिजीपिन त्याच्या जोडीला आहे. पत्त्यात पिनकोड लिहायचाच.

जगात बाकीच्यांनी काय केलं?

ही अडचण फक्त आपली नाही.

आयर्लंडमध्ये खेड्यातल्या बऱ्याच घरांना नंबरच नव्हते. अख्ख्या खेड्याचा पत्ता एकच असायचा. देशातले सुमारे ३५ टक्के पत्ते असे होते की दोन-चार घरं त्याच पत्त्यावर. तिथं जुलै २०१५ मध्ये एअरकोड आला, प्रत्येक पत्त्याला सात अक्षरांचा वेगळा कोड. पण तो जागेला नसून पत्त्याला दिलेला असतो आणि शेजारच्या घरांचे कोड ओळीनं येत नाहीत. त्यामुळं कोडवरून घर शोधायला मध्ये यादी लागते. फायदा असा की इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटला वेगळा कोड मिळतो.

मंगोलियात भटके पशुपालक मोठ्या संख्येनं आहेत. त्यांचा तंबू हंगामाप्रमाणं जागा बदलतो. तिथल्या पोस्टानं २०१६ मध्ये व्हॉटथ्रीवर्ड्स ही पद्धत घेतली. यात जगातल्या प्रत्येक तीन मीटरच्या चौकोनाला तीन साधे शब्द दिलेत. लक्षात ठेवायला सोपं, पण ही पद्धत एका खासगी कंपनीच्या मालकीची आहे. शब्दांवरून जागा काढायची तर त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहावं लागतं.

अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींची गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटेल. मातीचे रस्ते, लांब लांब घरं आणि पत्त्याच्या जागी 'अमुक दुकानापासून इतके मैल' असं वर्णन. यामुळं ॲम्ब्युलन्सचे हाल तर व्हायचेच, शिवाय मतदार नोंदणीही अडायची, कारण घर नेमकं कुठल्या मतदारसंघात येतं तेच ठरत नव्हतं. युटा राज्यात तिथल्या एका संस्थेनं घरोघरी जाऊन गूगलचे प्लस कोड दिले आणि दारावर त्याच्या पाट्या लावल्या.

प्लस कोडही डिजीपिनसारखाच अक्षांश-रेखांशावरून निघतो आणि तोही सगळ्यांना मोफत खुला आहे. गूगल मॅपवर कुठल्याही जागेवर बोट दाबून धरलं की तो दिसतो.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट लक्षात येते. कोड कुठला घेतला याइतकंच महत्त्व त्याला दारापर्यंत नेणाऱ्या माणसांना आहे. नावाहो भागात काम झालं ते पाट्या घेऊन घरोघरी फिरलेल्या लोकांमुळं.

आता खरा प्रश्न: कोड मिळाला म्हणजे घर मिळालं का?

इथं थोडं थांबायला हवं. डिजीपिन जागा सांगतो, वाट सांगत नाही.

धडगाव, अक्कलकुवा भागातल्या कित्येक पाड्यांपर्यंत गाडीरस्ताच नाही. पेशंटला बांबूच्या झोळीत घालून, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या गावांसाठी तर बोट ॲम्ब्युलन्स आहेत. अशा ठिकाणी नकाशावर घराचा ठिपका अगदी बरोबर पडला तरी मोबाईल ड्रायव्हरला दरीच्या चुकीच्या बाजूला नेऊन उभं करू शकतो. सरळ रेषेत पाडा तीनशे मीटरवर, आणि मध्ये नदी.

दुसरी मर्यादा मोबाईलची. डिजीपिनचा खाना चार मीटरचा असला तरी साध्या स्मार्टफोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. दाट झाडीत, दरीत, घराच्या आत ही चूक आणखी वाढते. म्हणजे दहावं चिन्ह शेजारच्या घराचंही येऊ शकतं. खेड्यात त्यानं फार बिघडत नाही, पण दाटीवाटीच्या गावठाणात बिघडतं.

तिसरी मर्यादा उंचीची. डिजीपिनमध्ये मजला नसतो. तळमजला आणि दहावा मजला, दोन्हींचा कोड एकच. फ्लॅटचा नंबर लिहावाच लागणार.

चौथी, एका घराचे अनेक कोड. घर दहा मीटर लांब असेल तर पुढच्या दाराचा एक, परसातला दुसरा. म्हणून घराचा कोड म्हणजे दाराचा कोड असं आधीच ठरवून टाकायचं.

पाचवी, हा कोड मालकी हक्काचा किंवा रहिवासाचा पुरावा नाही. त्यासाठी वेगळी कामं चालू आहेत. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात अशा ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. पण ही मोजणी गावठाणाची असते. गावठाणाबाहेर शेतात राहणारं कुटुंब त्यात येत नाही. नेमकं तेच घर शोधायला सगळ्यात अवघड, आणि डिजीपिनचा खरा उपयोग तिथंच.

म्हणून घरामागं दोन कोड

या सगळ्यावर एक साधा तोडगा निघतो. दुर्गम पाड्यावर घराचा एकच कोड लिहून भागत नाही. दोन लिहायचे.

पहिला घराच्या दाराचा. दुसरा गाडी जिथपर्यंत येते त्या जागेचा, मग तो डांबरी रस्ता संपतो ती जागा असेल, पुलाचं तोंड असेल किंवा बोट लागते तो काठ.

ड्रायव्हरला दुसरा कोड द्यायचा. तिथं गावातला माणूस बॅटरी घेऊन उभा राहील. पहिला कोड उपयोगी पडतो आरोग्यसेविकेला, पंचनाम्याला, टपालाला आणि पूर आला तर शोध घेणाऱ्या पथकाला.

पावसाळ्यात वाट बदलत असेल तर दुसरा कोडही पावसाळ्याचा वेगळा लिहायचा. हे कुठलं सॉफ्टवेअर आपणहून सांगणार नाही. गावातल्याच माणसाला ते माहीत असतं. पूर्वी पोस्टमनच्या डोक्यात असलेला पत्त्याचा अर्धा भाग तो हाच. तो आता लिहून ठेवायचा.

आपला डिजीपिन कसा काढायचा?

मोबाईलवर टपाल विभागाचं 'नो युवर डिजीपिन' हे पान उघडा. लोकेशन चालू करायची परवानगी द्या. पुढच्या गोष्टी मात्र जपून करा.

दारासमोर मोकळ्या जागेत उभं राहा. घरात बसून काढू नका. मोबाईलला जागा पक्की करायला एखादं मिनिट द्या.

उपग्रहाच्या चित्रात ठिपका स्वतःच्या घरावरच पडलाय का ते बघा. नसेल तर ठिपका सरकवा आणि कोड परत घ्या.

कोड तीन-तीन-चार असा तोडून लिहा. दिल्लीतल्या डाक भवनाचा कोड ३९जे-४९एल-एल८टी४ असा लिहितात. प्रत्यक्षात तो इंग्रजी आकड्या-अक्षरांतच लिहायचा, म्हणजे मोबाईलमध्ये टाकताना गडबड होत नाही.

फोनवर सांगताना आणखी एक काळजी घ्या. यातली सी, पी, टी ही अक्षरं कानाला सारखीच ऐकू येतात. जे आणि के चंही तेच. रेंज कमी असेल तर हमखास चूक होते. म्हणून आपल्या नेहमीच्या पद्धतीनं सांगा: सी चंद्रपूरचा, जे जळगावचा, के कोल्हापूरचा, एल लातूरचा, एम मुंबईचा, पी पुण्याचा, टी ठाण्याचा आणि एफ फॅनचा.

आणि तातडीच्या वेळी सुरुवात कोडनं करू नका. पलीकडच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर डिजीपिन टाकायची सोय असेलच असं धरून चालू नका. आधी जिल्हा, तालुका, गाव, पाडा, जवळची शाळा किंवा देऊळ सांगा, मग कोड सांगा. ड्रायव्हरचा नंबर मिळाला तर त्याला व्हॉट्सॲपवर लोकेशनही पाठवा. कोड हे जास्तीचं हत्यार आहे, एकुलतं एक नाही.

लिहून कुठं ठेवायचा?

मोबाईलमध्ये ठेवलेला कोड ऐनवेळी सापडत नाही, किंवा मोबाईल ज्याच्याकडं असतो तोच आजारी असतो. म्हणून दारावर, विजेच्या मीटरशेजारी, रेशनकार्डाच्या कव्हरवर ठळक लिहिलेला बरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि शाळेतल्या पोरालाही तो वाचता आला पाहिजे.

गावाच्या पातळीवर तर हे आणखी सोपं आहे. आशाताईंकडं गरोदर बायांची यादी असतेच, त्यात प्रत्येकीच्या नावापुढं दोन्ही कोड लिहिता येतात. ग्रामपंचायत घरपट्टीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवू शकते. शाळेच्या, अंगणवाडीच्या, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्या त्या जागेचा कोड रंगवता येतो. म्हणजे घरचा कोड माहीत नसला तरी "टाकीवर लिहिलेला नंबर वाचून दाखव" एवढं कुणालाही जमतं.

एक गोष्ट मात्र करू नका. कोडमध्ये तुमची माहिती नसते हे खरं, पण स्वतःच्या नावासकट तो फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकलात तर तुम्ही घराचं दार अख्ख्या जगाला दाखवलंत. खासकरून एकट्या राहणाऱ्या बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी हे टाळावं. ज्याला गरज आहे त्यालाच कोड द्यावा. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत अशा सार्वजनिक जागांचे कोड मात्र बिनधास्त शेअर करा.

पुढं काय?

२०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात पत्ता कसा लिहायचा, त्याची ओळख कशी ठरवायची आणि पोस्टकोड कसा वापरायचा याचे नियम करायचा अधिकार केंद्र सरकारला मिळालाय. हा कायदा जून २०२४ पासून लागू आहे. त्याच वाटेवर टपाल विभागानं 'ध्रुव' नावाच्या व्यवस्थेचं धोरण मांडलंय. ईमेलसारखं एक छोटं नाव घ्यायचं, त्यामागं आपला पूर्ण पत्ता आणि डिजीपिन ठेवायचा, आणि कुणाला तो दिसावा हे आपण ठरवायचं, अशी ती कल्पना आहे. घर बदललं तर मागचा पत्ता बदलतो, नाव तेच राहतं.

पण पाड्यावरच्या माणसाला त्यासाठी थांबायची गरज नाही. कोड आज आहे, फुकट आहे आणि काढायला दोन मिनिटं लागतात.

देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिस आहेत आणि त्यातली जवळपास ९० टक्के खेड्यात. तिथले ग्रामीण डाक सेवक आजही घर न घर ओळखतात. त्यांना जे पाठ आहे ते दोन कोडांत उतरवून भिंतीवर लिहिलं, तर रात्री दीड वाजता आलेल्या परक्या ड्रायव्हरला मोहाचं झाड शोधत बसावं लागणार नाही. त्याला फक्त रस्ता संपतो तिथपर्यंत यायचंय. तिथं बॅटरी घेऊन उभं राहायला गाव आहेच.